कॅमेरा बदलण्याआधी: विदर्भातल्या हौशी फोटोग्राफरनं लेन्स, बॉडी आणि बाकीचं सामान कसं निवडावं

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत हौसेनं फोटो काढणाऱ्यांकडे साधारण एकसारखाच संच दिसतो. कॅनन १५००डी किंवा २००डी, नाहीतर निकॉन डी३५०० किंवा डी५६००, सोबत १८-५५ ची किट लेन्स आणि फार तर एक ५५-२५० किंवा ७०-३००. दोन-तीन वर्षं झाली की फोटोत काहीतरी कमी पडतंय असं वाटायला लागतं, आणि दसरा-दिवाळीच्या ऑफर आल्या की नवी बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) घ्यायचे बेत सुरू होतात. पैसा चुकीच्या जागी जातो तो इथेच. फोटोतला दोष नेमका कशामुळे आला हे आधी ठरवायचं आणि त्या एका दोषावरचा उपाय तेवढा विकत घ्यायचा, या क्रमानं गेलात तर बॉडीचा नंबर सहसा शेवटी लागतो. कधीकधी लागतच नाही.

फसलेल्या फोटोंचे ढीग करा

गेल्या वर्षभरातले न आवडलेले शंभर-दीडशे फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. चांगले फोटो या कामाला उपयोगाचे नाहीत. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटो १०० टक्के मोठा करून पाहा आणि त्याची फोकल लेंग्थ (लेन्सचा पल्ला, मिलिमीटरमध्ये), शटर (फोटोला लागलेला वेळ), अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं जास्त उघडं) आणि आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) बघा. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ही माहिती असते. डिजीकॅम नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सगळ्या फोटोंची एकत्र चाळता येते. मग ढीग करा: विषय फारच लहान आलाय, फोटो हललाय, फोकस भलतीकडेच गेलाय, दाणे (खडबडीत ठिपके) दिसतात, किंवा सगळंच मऊ-धुरकट दिसतंय.

हललेल्या फोटोंत दोन जाती असतात. जमीन, झाड, विषय सगळं एकाच दिशेनं ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय. मागचं झाड स्पष्ट आणि पोळ्यातल्या बैलाची मान तेवढी पुसट असेल तर बैल हललाय. पहिल्यावर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर शोषणारी यंत्रणा) किंवा टेकू चालतो, दुसऱ्यावर फक्त वेगवान शटर. स्टॅबिलायझेशनवाली महाग लेन्स घेऊन उडता बगळा स्थिर होत नाही, त्याला १/२०००च्या आसपास शटर लागतं आणि ते जुन्या कॅमेऱ्यातही आहे. हातात धरून काढताना किमान शटर किती ठेवायचं याचा हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला दीडनं गुणा आणि तो आकडा एकाखाली लिहा. २५० मिमीला १/३७५, म्हणजे व्यवहारात १/४००. या ढिगातले बरेच फोटो १/१२५ किंवा १/१६० ला काढलेले निघाले तर खरेदी थांबवा. आयएसओ १६०० पर्यंत न भिता चढवायची सवय लावा आणि महिन्याभरानं पुन्हा तपासा.

फोकस चुकत असेल तर एक परीक्षा घरीच होते. भिंतीला वर्तमानपत्राचं पान लावा, कॅमेरा टेबलावर घट्ट ठेवा आणि अॅपर्चर सगळ्यात मोठं उघडा. मथळ्यावर फोकस करून पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि पाच लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले तर डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) फोकस यंत्रणा आणि लेन्स यांचा मेळ जमलेला नाही. कॅनन ८०डी-९०डी, निकॉन डी७२००-डी७५०० अशा बॉडीत हा मेळ मेनूतून बसवता येतो. १५००डी किंवा डी३५०० मध्ये ती सोय नाही, सेवा केंद्रात द्यावं लागतं. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस थेट सेन्सरवरच मोजला जात असल्यानं ही भानगड बहुतेक मिटते. दोन्ही प्रकारचे फोटो मऊ आले तर आधी लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून परत काढा. स्वस्तातला फिल्टर २५०-३०० मिमीवर चांगल्या लेन्सचीही धार घालवतो.

शेवटचा ढीग, धुरकट फोटोंचा, आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सकाळी नऊ-साडेनऊनंतर तलावाच्या पलीकडच्या काठावरचा पक्षी कुठल्याही लेन्सनं मऊच येतो. तापलेल्या जमिनीवरची हवा कमी-जास्त दाटीच्या थरांनी वर चढत असते आणि प्रकाश त्यातून वाकत-वाकत येतो. ऊन-झळांचा दोष की लेन्सचा, हे कळायला एकाच जागी बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो घ्या. दहाही सारखेच मऊ असतील तर लेन्स किंवा फोकस तपासा. दर फोटोत पिसांच्या कडा वेगळ्या आकाराच्या दिसत असतील आणि मध्येच एखादा बरा निघत असेल तर तो झळांचा खेळ आहे. एसी लावलेल्या गाडीची काच खाली करून लगेच फोटो काढला तरी असंच होतं, कारण आतली गार आणि बाहेरची तापलेली हवा लेन्सच्या तोंडाशीच मिसळते. एसी बंद करून काचा पाच-सात मिनिटं उघड्या ठेवा. बोनेटवरून तर काढूच नका. याच दोषापायी कित्येक जण ७०-३०० विकून १५०-६०० घेतात आणि मग ६०० मिमीवर झळा आणखी मोठ्या दिसतात. याला इलाज दोनच: सकाळी लवकर जाणं, नाहीतर जवळ जाणं.

लांबचा पल्ला किती हवा, याचं गणित

सेन्सरवर विषय किती मोठा पडेल ते काढायला विषयाची उंची आणि फोकल लेंग्थ गुणून अंतरानं भागायचं, सगळं मिलिमीटरमध्ये. कॅननच्या एपीएस-सी (म्हणजे वरच्या या कॅमेऱ्यांतल्या) सेन्सरची उंची सुमारे १५ मिमी आणि रुंदी २२ मिमी, निकॉन-सोनीचा थोडा मोठा.

गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत उभा सारस दीड मीटर धरा, अंतर १०० मीटर. २५० मिमीवर तो सेन्सरवर पावणेचार मिलिमीटर येतो, म्हणजे फोटोच्या उंचीच्या पाव भाग. ३०० वर साडेचार मिमी. ६०० वर नऊ मिमी, निम्म्याहून जास्त. २५० वरून ३०० वर गेल्यानं जवळपास काहीच हाती लागत नाही हे इथेच दिसतं, तरी दुकानात ५५-२५० देऊन ७०-३०० घेणारे भेटतातच. सारसासाठी ६०० चा पल्ला खरोखर लागतो, कारण पावसाळ्यात त्याचं घरटं बांधीतच असतं आणि जवळ गेलं की जोडी अंड्यांवरून उठते. तिथे पायांनी अंतर कमी करायचं नसतं.

खंड्याची गोष्ट वेगळी. २८ सेंटिमीटरचा पक्षी १५ मीटरवरून ३०० मिमीनं काढला तर साडेपाच मिमी येतो. तोच बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाळीवर झुडपाच्या आडोशाला अर्धा तास गप्प बसून १० मीटरवरून जुन्या २५० नं काढला तर सात मिमी, म्हणजे जवळपास निम्मा फोटो भरतो. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर असा आडोसा मिळतो. तुमचे पक्षी बहुतेक असेच असतील तर हिरव्या कापडाचा आडोसा आणि बसायला छोटं स्टूल हीच यंदाची खरेदी.

आता वाघ. त्याची डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी १८० सेंटिमीटर धरली आणि जिप्सीपासून तो २५ मीटरवर आडवा चालला, तर ३०० मिमीवर सेन्सरवर साडेएकवीस मिमी येतो. फोटो भरला, शेपूट बाहेर. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, टिपेश्वर, कुठेही रस्त्यालगत दिसलेल्या वाघाला ६०० मिमीचा उपयोग फक्त चेहऱ्यापुरता. जंगलात सुरुवातीच्या तासात प्रकाश कमी असतो, म्हणून सफारीसाठी लांबीपेक्षा उघडं अॅपर्चर आणि झूमची खालची बाजू महत्त्वाची. ७०-३०० किंवा १००-४०० बरी पडते, आणि २०० पासून सुरू होणारी लेन्स वाघ जिप्सीच्या अंगावर आला की हतबल करते. ताडोबात सफारीला मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे जवळचं दृश्य मोबाइलवर घेऊ हा भरवसाही नाही.

लांब पल्ला हवाच असेल तर लेन्स पाहताना वजन आधी पाहा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९३ किलो, टॅमरॉनची १५०-६०० जी-टू दोन किलोच्या आसपास, निकॉनची २००-५०० एफ/५.६ कॉलरसह (ट्रायपॉडला अडकवायच्या कड्यासह) २.३ किलो, सोनीची २००-६०० कॉलर सोडून २.१ किलो. चौघींनाही ९५ मिमीचा फिल्टर. मोटरसायकलवरून कच्च्या रस्त्यानं वीस किलोमीटर जाऊन वर पाळीवर चालायचं असेल तर हे ओझं दर वेळी उचललं जाणार का, याचा विचार खरेदीच्या आधीच झालेला बरा. कॅनन मिररलेसला आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे आणि ती रोज बरोबर राहते. तिचं अॅपर्चर ४०० मिमीवर एफ/८, त्यामुळे ऊन वर आल्यावर झकास आणि पहाटे दुबळी. आरएफ ६०० एफ/११ स्वस्तात लांब पल्ला देते, पण एफ/५.६च्या पाव पट प्रकाशात. पहाटेच्या पक्ष्यांसाठी ती घेऊ नका.

अंधार हाच अडथळा असेल तर

दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे नाटक मंडळांचं मोठं केंद्र. रात्रभराचं नाटक, मंडपाखालची दंडार (लोकनाट्य), घरातलं लग्न यांच्या फोटोंत दाणे दिसतात म्हणून फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यायचा विचार येतो. आकडे मांडून पाहू. एपीएस-सीवरून फुलफ्रेमवर गेल्यानं साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) फायदा होतो. किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ असते. ५० मिमी एफ/१.८ लावली की सव्वातीन स्टॉप मिळतात, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे साडेसहाशेच्या आसपास भागतं. फुलफ्रेम बॉडीचा खर्च लाखाच्या घरात, आणि ५० एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक.

५० मिमीतून दहा मीटरवरून साधारण साडेचार मीटर रुंदीचा मंच मावतो. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून दोन पात्रांचा प्रसंग यात नीट येतो. एक अडचण मात्र राहते. तीन मीटरवरून एफ/१.८ ला पुढेमागे जेमतेम २५ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. दोन माणसं पुढेमागे उभी असली तर एकच स्पष्ट येईल. एफ/२.८ ला खाली आणा.

मंचावरच्या दिव्यांमुळे फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे जातात, १/३२० ला दिसतात. मिररलेसमध्ये सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सुरू असेल तर एलईडीखाली पट्टे सहज येतात, मेकॅनिकल करा. नवा कॅमेरा घेऊन पहिल्याच नाटकात 'सेन्सर खराब निघाला' अशी तक्रार होते ती बहुधा याच कारणानं.

लोणारसाठी वाइड लेन्स मागणाऱ्यांनी थोडं थांबा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठावरून १८ मिमीत ते मावत नाही हे खरं. पण कॅमेरा उभा धरून, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल ठेवून, दर फोटोत तिसरा हिस्सा सामाईक राहील असे सात-आठ फोटो डावीकडून उजवीकडे घ्या आणि ह्यूजिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडा. वर्षातून एकदा लागणाऱ्या दृश्याला एवढं पुरतं.

किड्या-फुलपाखरांसाठीही मॅक्रो (जवळून मोठं दाखवणाऱ्या) लेन्सच्या आधी रेनॉक्स डीसीआर-२५० ही जोड-काच बघा. ही ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर चिमट्यासारखी बसते. ५५-२५० वर लावून १२५ मिमीला पऱ्हाटीवरची अळी खऱ्या आकाराएवढी, २५० ला दुप्पट येते. विषयापासून साधारण १२ सेंटिमीटरवर थांबावं लागतं आणि फ्लॅशवर पांढऱ्या कागदाचा पडदा लागतो.

बॉडी कधी बदलायची

वरचं सगळं करूनही तीन ठिकाणी बॉडीच आड येते. पहिलं, उडते पक्षी. १५००डीत फोकसचे ९ बिंदू आणि सेकंदाला ३ फोटो, डी३५०० मध्ये ११ बिंदू आणि ५ फोटो, एवढ्यावर चक्रवाक थव्यानं उठले की नशिबाचाच भाग. दुसरं, शंकरपटासारखा (बैलांच्या शर्यतीसारखा) वेग, जिथे बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी साठवायची जागा) भरून कॅमेरा ऐन वेळी थांबतो. तिसरं, धूळ-पावसापासूनचं संरक्षण.

इथून दोन वाटा फुटतात. जुन्या लेन्स बऱ्या असतील तर सेकंडहँड कॅनन ९०डी किंवा निकॉन डी७५००, पक्ष्यांचंच वेड असेल तर डी५०० (१५३ बिंदू, सेकंदाला १०). कॅनन आणि निकॉन आता नवे डीएसएलआर काढत नाहीत, त्यामुळे या बॉडी उतरत्या भावात मिळतात. पाच-सात वर्षं सहज चालतील. पुढे विकताना मात्र फार काही येणार नाही, हे धरून चला. दुसरी वाट मिररलेस: कॅनन आर१० किंवा आर७, निकॉन झेड५० टू, सोनी ए६४०० किंवा ए६७००. पक्ष्याचा डोळा ओळखून धरणारा फोकस हा यातला खरा लाभ आहे (ए६४०० मध्ये पक्ष्यांसाठी ती सोय नाही), आणि तो नवख्याला सगळ्यात जास्त जाणवतो. आर७ आणि ए६७०० मध्ये बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, आर१०, झेड५० टू आणि ए६४०० मध्ये नाही. बहुतेक टेली (लांब पल्ल्याच्या) लेन्समध्ये ते स्वतःचं असतं, तेव्हा त्याची उणीव ५० एफ/१.८ सारख्या लेन्सवरच भासेल. कॅननच्या जुन्या लेन्स असतील तर आर१० आणि अॅडॅप्टर हा आमच्या मते पैशाला सगळ्यात पुरणारा मेळ.

पक्षी काढणाऱ्यांनी २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमपासून लांब राहावं. तेवढ्याच लेन्सनं पक्षी फोटोत लहान दिसतो, आणि एपीएस-सीएवढा भाग कापला की हातात जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात.

माउंटचे (लेन्स बॉडीला जोडायच्या खाचेचे) सापळे खरेदीआधी पाठ करून जा. कॅननची आरएफ लेन्स जुन्या ईएफ बॉडीला बसत नाही, उलट जुनी ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स अॅडॅप्टर लावून आर मालिकेवर ऑटोफोकससह चालते. ईएफ-एस लेन्स ६डीसारख्या फुलफ्रेम डीएसएलआरला लागत नाही. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांत फोकसची मोटर नाही, म्हणून जुनी एएफ-डी लेन्स त्यावर हातानंच फिरवावी लागते. एफटीझेड अॅडॅप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवरही तेच. आणि एएफ-पी लेन्स डी९०, डी३१००, डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. 'निकॉनची आहे म्हणजे बसेल' या भरवशावर घेतलेल्या लेन्स नंतर मातीमोल भावात निघतात.

घेण्याआधी शक्य असेल तर लेन्स दोन दिवस भाड्यानं आणा. नागपुरात भाड्यानं देणारे आहेत, ओळखपत्राची प्रत आणि अनामत मागतात. शुक्रवारी संध्याकाळी आणून शनिवार-रविवार तलावावर घालवले की वजन, पल्ला आणि झळा, तिन्हींचा निकाल लागतो.

सेकंडहँड घेताना

लग्नसराई संपली की तालुक्यातले स्टुडिओवाले बॉडी विकायला काढतात. स्वस्तात मिळतात, पण एका लग्नात दोन-तीन हजार फोटो निघतात हे लक्षात ठेवा. शटरचं आयुष्य साधारण छोट्या बॉडीला एक लाख, डी७५०० ला दीड लाख आणि डी५०० ला दोन लाख फोटो असं कंपन्या धरतात. आकडा ओलांडला की शटर लगेच जातं असं नाही, पण त्याच्या बदलीचा खर्च भावातून वजा करायला सांगा. निकॉनमध्ये शटरचा आकडा फोटोच्या माहितीतच लिहिलेला असतो, मूळ जेपीईजी मागवून वाचा. कॅननमध्ये तो तिथे नसतो. कॅमेरा केबलनं लॅपटॉपला जोडून छोटं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, म्हणून जाताना लॅपटॉप न्या.

लेन्स बघायची ती अंधाऱ्या खोलीत. दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर उघडं ठेवा आणि मोबाइलची टॉर्च मागच्या बाजूनं तिरपी धरून समोरून पाहा. धूळ म्हणजे सुटे ठिपके, चार-सहा असले तरी फोटोत काही दिसत नाही. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी कडेकडून फांद्या फोडत जाते. ती दिसली तर 'साफ करून देतो' म्हणाले तरी घेऊ नका, कारण काचेवरचा लेप एकदा खाल्ला गेला की परत येत नाही. सगळी काच दुधाळ दिसली तर तेही वाईट लक्षण.

मग वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट लावून एफ/५.६ ला एक फोटो. चारही कोपरे सारखेच मऊ असले तर चालेल. एकच कोपरा ढेपाळलेला दिसला तर लेन्स बहुधा कधीतरी पडलेली आहे. झूमच्या दोन्ही टोकांना, जवळ आणि लांब, दहा-दहा वेळा फोकस करून आवाज ऐका. खरखर किंवा मध्येच अडकणं म्हणजे मोटर जायच्या बेतात. बॉडीसाठी दोन फोटो पुरतात. एफ/१६ ला मोकळ्या आभाळाचा, त्यात सेन्सरवरचे डाग दिसतील. झाकण लावून आयएसओ १६०० ला दोन सेकंदांचा, त्यात रंगीत ठिपके किती आहेत ते कळेल. डाग साफ होतात, ठिपक्यांची गर्दी असेल तर नको. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का, फ्लॅशच्या खाचेतला रंग किती झिजलाय, स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या आहेत का, तेही पाहा. मूळ बिल आणि बिलावरचा सीरियल नंबर बॉडीशी जुळला पाहिजे. न जुळणारा माल कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

नवीन घेतानाही पक्कं जीएसटी बिल, त्यावर सीरियल नंबर आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड, या तीन गोष्टींशिवाय पैसे देऊ नका. फार स्वस्त भाव बहुधा बाहेरून आलेल्या मालाचा असतो आणि दुरुस्तीच्या वेळी त्याचं कुणीच ऐकत नाही.

बाकीचं सामान

डी३५०० एका बॅटरीवर कंपनीच्या मोजणीनुसार १५५० फोटो काढतो, छोटे मिररलेस तीनशे-चारशेच्या घरात. भारनियमनाच्या गावात मिररलेस घेताना दोन जादा बॅटऱ्या त्याच दिवशी घ्या, आणि कॅमेरा यूएसबीवर चार्ज होतो का ते तपासा. होत असेल तर काही कॅमेऱ्यांना पीडी (जास्त ताकदीचं चार्जिंग) लिहिलेली पॉवर बँकच लागते, साधी चालत नाही. कार्ड १२८ जीबीच्या एकाऐवजी ६४ ची दोन, व्ही३० ही वेगाची खूण असलेली. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमनं पहिल्याच दिवशी पूर्ण भरून तपासा.

जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. जुन्या जीन्सचा पाय कापून, आत दुसरी कापडी पिशवी शिवून, दोन-अडीच किलो तूर किंवा हरभरा भरा आणि ती दांडीवर टाका. सरकी भरू नका, तिचे तंतू शिवणीतून बाहेर येऊन लेन्सला चिकटतात. फोटो काढताना चालकाला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर पिशवी असून गाडीची थरथर फोटोत उतरते. धुळीसाठी उशीची सुती खोळ पुरते, कॅमेरा तिच्यात घालून मांडीवर ठेवायचा. सफारीत लेन्स बदलायची नाही. सेन्सरवर धूळ बसलीच तर रबरी ब्लोअरनं, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून उडवा. तोंडानं फुंकलं की थुंकीचे कण बसतात आणि ते ब्लोअरला दाद देत नाहीत.

उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

बहुतेक कॅमेऱ्यांना कंपनीनं ठरवलेली मर्यादा ४० अंशांची असते. मेमध्ये आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. बॅटरी फुगते, लेन्समधलं वंगण पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर येतं. डिकीत बॅग ठेवून तेरवीला जेवायला बसू नका, बॅग सोबत न्या.

बुरशी पावसाळ्यातच लागते हा समज आपल्याकडे महाग पडतो. एप्रिल-मेमध्ये डेझर्ट कूलर चालणाऱ्या खोलीत हवा दिवसरात्र दमट असते. त्याच खोलीच्या कपाटात कॅमेऱ्याची बॅग असेल तर जूनआधीच लेन्सला जाळी धरते. कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवायचा असेल तर रबरी कडेच्या हवाबंद प्लास्टिक डब्यातच. वीस-पंचवीस लिटरच्या डब्याला २५०-३०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६० च्या वर बुरशीला रान मोकळं, आणि सतत ३० च्या खाली गेलं तर रबर आणि वंगण सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं असं समजा. जुन्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर वीस-तीस मिनिटं हलवत भाजलं की ते पुन्हा निळं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं मीठ असतं, म्हणून तो तवा परत स्वयंपाकाला घ्यायचा नाही आणि भाजायचं ते अंगणात. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, काचेवर थर मात्र बसतो. कातडी कव्हर पावसाळाभर बाहेरच राहू द्या.

पहिला आठवडा

नवं सामान घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत वर्तमानपत्राची, आभाळाची आणि झाकणाची, तिन्ही परीक्षा करा. नव्या लेन्सचाही एखादा कोपरा मऊ निघतो, आणि मुदतीत दाखवला तर सहसा बदलून मिळतो. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) घालताना बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, मध्येच वीज गेली म्हणून लॅपटॉप बंद पडू नये एवढं पाहा. सीरियल नंबर आणि बिलाचा फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा, चोरीच्या तक्रारीत पोलीस तेच मागतात.

जुनी १५००डी किंवा डी३५०० विकायची घाई करू नका. किट लेन्ससह तिचे जे पैसे येतात त्यात चांगली लेन्स येत नाही. त्यापेक्षा सफारीत ती १८-५५ लावून मांडीवर असू द्या. लांब लेन्स मोठ्या बॉडीवर असताना हत्तीगवतातून वाघ थेट गाडीपाशी निघाला तर फोटो हिच्यातूनच येईल.